पोचले काय?

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघते, चौदा वर्षं झाली. पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं ओततात आमच्याकडं, त्यातली थोडी बाहेरदेशी जातात आणि त्यांचे पैसे बाहेरदेशातून येतात. सकाळी मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोवर मालक केबिनमधून विचारतात, "आले काय हो पैसे?" आणि संध्याकाळी घरी गेलं की आई फोनवर दुबईच्या मामेभावाला सांगत असते, "पोचले रे बाबा, आत्ताच मेसेज आला." त्याच्या आईकडं, म्हणजे माझ्या मामीकडं, साधा बटणाचा फोन आहे आणि तिला बँकेची पायरी चढायची भीती वाटते, म्हणून तो आईच्या खात्यावर टाकतो आणि आई काढून नेऊन देते. मेसेज त्यालाही येतो, ॲपमध्ये हिरवी खूणही दिसते, तरी तो फोन करतोच. "आत्या, पोचले काय?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळं कुठल्याही देशातले लोक एकमेकांना पैसे कसे पाठवतात हे कळलं की मी पहिलं हेच बघते, की पोचल्याचं त्यांना कोण सांगतं आणि पैशासोबत दोन शब्द लिहायला जागा आहे काय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. माझा आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. बेळगावात रेजिमेंटचं सेंटरच आहे त्यामुळं आमच्या भागात घराआड एक फौजी, आणि फौजी म्हटलं की मनिऑर्डर आलीच. मनिऑर्डर आपल्या देशात १८८० साली सुरू झाली. पत्ता कुठला तर ५६ ए.पी.ओ., फौजेचं पोस्ट, म्हणजे माणूस काश्मिरात आहे की आसामात ते घरच्यांना कळायचंच नाही, पैसे मात्र त्याच्याकडून निघायचे आणि ओढे ओलांडत, सायकल खांद्यावर घेऊन आमच्या दारात यायचे. पावसाळ्यात उशीर व्हायचा. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार-चार दिवस माणूस माणसाला दिसत नाही असा, तेव्हा आज्जी रोज उंबऱ्यावर बसून वाटेकडं बघायची म्हणे.

मनिऑर्डरचा फॉर्म नव्या पोरांनी बघितला नसेल म्हणून सांगते. एकच कागद पण त्याचे तुकडे पडायचे. एक तुकडा पोस्टाला. एक छोटं कुपन, त्यावर पाठवणाऱ्यानं चार ओळी लिहायच्या, ते पैसे घेणाऱ्याकडं राहायचं. आणि एक पोचपावती, तिच्यावर पैसे घेणाऱ्यानं सही किंवा अंगठा करायचा आणि ती पोस्टातून उलटी पाठवणाऱ्याकडं जायची. म्हणजे "पोचले काय" ह्याचं उत्तर फॉर्ममध्येच छापलेलं होतं! फोन नव्हता, काही नव्हतं, पण महिना-दीड महिन्यानं आज्ज्याच्या हातात आज्जीचा अंगठा पडायचा.

आमचा पोस्टमन कन्नड होता. देवनागरी त्याला यायची पण अक्षराला अक्षर जोडून वाचायचा, आणि आज्जीला वाचता येत नव्हतं म्हणून कुपन त्यालाच वाचावं लागायचं. "मी काय शाळा शिकलो नाही" असं आज्जी म्हणायची (आमच्याकडं बायकाही मी गेलो, मी आलो म्हणतात, बाहेरच्या माणसाला गंमत वाटते पण आमची भाषाच तशी आहे). तर तो वाचायचा, "म्हशीला... पेंड... आणणे. पोराला शाळेत घालणे. माझी... काळजी करू नये." एवढंच. नवराबायकोतलं सगळं बोलणं एका कन्नड माणसाच्या तोंडून, अडखळत, पडवीत उभं राहून. आज्जी सांगायची की तो शेवटची ओळ वाचताना खाली बघायचा.

आज्जा पेन्शन घेऊन आला तेव्हा त्याच्या काळ्या ट्रंकेत पोचपावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. आज्जीनं तिची कुपनं फडक्यात बांधून तांदळाच्या कणगीमागं ठेवली होती. दोन्ही गठ्ठे मी बघितलेत. एकाच कागदाचे दोन तुकडे, एक देशभर फिरून आलेला, एक जागेवरच राहिलेला, नंतर एकाच ट्रंकेत. पावतीवरचे सुरुवातीचे अंगठे स्वच्छ आहेत, रेषान् रेष दिसते. पुढचे पुसट होत गेलेत. शेतात आणि गोठ्यात हात झिजतात ना.

ह्या सगळ्याला पैसे पडायचे. नंतर नंतर तर वीस रुपयांमागं एक रुपया, म्हणजे शंभराला पाच. हा आकडा लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणार आहे.

आमचा एक फिटर मशीन बसवायला नैरोबीला गेला होता, महिनाभर राहिला. परत आल्यावर त्याला मशीनचं विचारलं तर तो एम-पेसाचंच सांगत बसला. पेसा म्हणजे स्वाहिली भाषेत पैसाच, ऐकूनच आपल्यातलं वाटतं. तिथल्या सफारीकॉम कंपनीनं हे २००७ च्या मार्चमध्ये सुरू केलं, म्हणजे आपलं यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी, आणि साध्या बटणाच्या फोनवर! इंटरनेट नको, बँकेत खातं नको. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडं नोटा द्यायच्या, तो तुमच्या फोनवर तेवढी शिल्लक भरतो, तुम्ही गावाकडं आईच्या नंबरवर पाठवता, तिला मेसेज येतो आणि ती तिच्या गावातल्या दुकानदाराकडं जाऊन ओळखपत्र दाखवून नोटा घेते. त्याआधी लोक काय करत होते तर मोबाइलचं रिचार्जच एकमेकांना पाठवायचे, समोरचा ते विकून पैसे करायचा. म्हणजे लोकांनी वाट आधीच पाडली होती, कंपनीनं फक्त त्यावर खडी टाकली. आणि सुरुवातीची जाहिरात काय होती माहितीये? "घरी पैसे पाठवा." बस्स. मला ती फार आवडली, कारण नैरोबीत राबणाऱ्या माणसाला दुसरं काय करायचं असतं? तेच तर मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आमच्या माणसांना करायचं होतं, आणि आज गोव्यात हॉटेलात भांडी घासणाऱ्या खानापूरच्या पोरांना करायचं असतं.

फिटर म्हणाला, "मॅडम, तिथला तो एजंट म्हणजे आपला पिग्मीवालाच की!" मला ते एकदम पटलं. आमच्या सीमाभागात पिग्मी माहीत नाही असा दुकानदार नसेल. रोज संध्याकाळी पिग्मीवाला येणार, दहावीस रुपये घेणार, वहीत लिहिणार, आता मशीनवर लिहितो. १९२८ मध्ये उडुपीकडच्या, पुढं सिंडिकेट बँक झालेल्या बँकेनं हे सुरू केलं, दिवसाला दोन आणे. विणकर आणि छोटी माणसं बँकेत येत नाहीत ना, मग बँकेनं त्यांच्या दारात जायचं. मला वाटतं जगात पैशाची जी जी व्यवस्था गरिबाला लागू पडली तिच्यात कुठंतरी दारात येणारा किंवा कोपऱ्यावर बसलेला ओळखीचा माणूस होता. नुसतं यंत्र आणून ठेवलं आणि लोक धावले असं कुठं झालेलं मला तरी माहीत नाही.

आपल्याकडं यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला जाहीर झालं, मग नोव्हेंबरात नोटबंदी, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर महिन्याला हजार कोटींवर व्यवहार गेले. हे सगळ्यांना माहितीये, त्यात काय नवीन. मला सांगायचंय ते गणपत गल्लीचं. तिथं रस्त्यावर कडोली-कंग्राळीच्या बायका भाजी घेऊन बसतात, सगळ्या मराठी. त्यांच्यासमोरचा डबा बोलतो कन्नड. "ऐवत्तु रुपायी" म्हणाला की ही मराठीत म्हणते, "आले गे पन्नास, जा." शेजारचा कन्नड लिंबूवाला गिऱ्हाइकाला विचारतो, "रोक्क बंतेन री?" आमच्या इकडच्या कन्नडमध्ये पैशाला रोक्क म्हणतात, आपलं रोख-रोकडच ते. बंत म्हणजे आलं, पोचलं. नावाच्या पाट्यांवरून इथं किती वर्षं काय काय चाललंय ते तुम्हाला माहितीये, मी त्यात पडत नाही, पण पैसे पोचले की नाही हे विचारताना दोन्ही भाषा एका टोपलीत असतात हे मी रोज बघते.

आणि "फोनपे मार की" हे तर आता क्रियापदच झालंय. असं सगळीकडंच झालंय. स्वीडनमध्ये सहा बँकांनी मिळून २०१२ मध्ये स्विश काढलं, तिथं लोक "स्विश कर" म्हणतात. बांगलादेशात बिकाश २०११ पासून, तिथं "बिकाश करे दाओ". ब्राझीलमध्ये त्यांच्या रिझर्व्ह बँकेनंच नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स सुरू केलं, साध्या माणसाला फुकट, रात्री दोनलाही चालतं, तिथंही "एक पिक्स कर" म्हणतात. उलट अमेरिकेत, एवढ्या मोठ्या देशात, घरभाडं द्यायला अजूनही कितीतरी लोक चेक फाडतात, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

चीनचं मात्र मनात घर करून बसलं. तिथं सणाला लाल पाकिटात पैसे द्यायची जुनी रीत आहे, वुईचॅटनं २०१४ च्या नवीन वर्षाला तेच लाल पाकीट मोबाइलवर आणलं. पण खरी मजा आकड्यात आहे. चार आकडा नको, कारण त्याचा उच्चार मृत्यूसारखा होतो. आठ चांगला. आणि पाचशेवीस म्हणजे पाच-दोन-शून्य हे त्यांच्या भाषेत भरभर म्हटलं तर "माझं तुझ्यावर प्रेम आहे" यासारखं ऐकू येतं, म्हणून वीस मेला प्रेमातली माणसं एकमेकांना ५२० युआन पाठवतात. काही लिहायचं नाही, आकडाच चिठ्ठी! मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय, आपण एकशे एक देत नाही काय? खरंच की. आपला आहेर कधी शंभराचा नसतो, वरचा एक लागतोच, पाकिटावर रुपया चिकटवलेलाच येतो. आता लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर येते आणि आहेर फोनपेवर जातो, तरी लोक ५०१ च टाकतात. कोणी शिकवलं? वरचा एक रुपया म्हणजे हिशोब संपला नाही, येणंजाणं चालू राहील.

म्हणजे माणूस नुसते पैसे पाठवतच नाही, काहीतरी सोबत कोंबतोच. पण जागा दिली की चांगलंच लिहिलं जातं असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये लगेच पैसे पोचवणारी नवी यंत्रणा आली आणि तिच्यात २८० अक्षरं लिहायची सोय दिली. तिथल्या कॉमनवेल्थ बँकेनं २०२० मध्ये तपासलं तर तीन महिन्यांत आठ हजारांवर गिऱ्हाइकांना बारीक बारीक रकमा आलेल्या होत्या आणि त्यासोबत शिव्या नाहीतर धमक्या. बाईनं त्याचा फोन ब्लॉक केला, सगळीकडून ब्लॉक केला, तर तो दहा-वीस सेंट टाकून तिच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शिरतो. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती लागली. मी दिवसभर स्टेटमेंट बघणारी बाई, नरेशनचा कॉलम, व्यवहारापुढं शेरा असतो तो, म्हणजे माझ्या पोटापाण्याचा कॉलम, तिथं असंही कोणी लिहीत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. बँकांनी नंतर असे शब्द अडवायला सुरुवात केली, बरं केलं. आणि तेव्हा आमचा तो पोस्टमन आठवला. त्याच्या हातात असली चिठ्ठी आली असती तर त्यानं ती वाचून दाखवली असती काय? मला नाही वाटत.

आता ऑफिसातलं. देशातल्या देशात पैसे पाठवणं सगळ्या जगानं जवळपास सोडवलंय, पण सीमा ओलांडायची म्हटलं की सगळं जुन्या बैलगाडीवर येतं. लोकांना वाटतं स्विफ्ट म्हणजे पैसे जातात. पैसे जात नाहीत हो, निरोप जातो. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये ही संस्था निघाली, आज दोनशेवर देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिच्यावर आहेत, पण ती बँकांना एकमेकींना फक्त सुरक्षित निरोप देते, की अमक्याच्या खात्यातून कमी करा, तमक्याच्या खात्यात जमा करा. आपल्या जुन्या हुंडीसारखंच. पेढीवाल्यानं चिठ्ठी लिहायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीनं ती वटवायची, मधे रुपया हलतच नाही. फरक एवढा की दोन बँकांचं एकमेकींकडं खातं नसेल तर मधे तिसरी लागते, कधी चौथी, आणि प्रत्येक जण वाटेत आपला हात मारतो. नैरोबी आणि आमच्यामधे नुसता अरबी समुद्र आहे, पण डॉलरमधलं पेमेंट न्यूयॉर्कमधल्या बँकेला शिवून येतं. बिल पाच हजार डॉलरचं, आले चार हजार नऊशे पंच्याहत्तर. मग मी मालकांना समजावत बसायचं की ते पंचवीस कुणी घेतले.

एकदा तर आमचं पेमेंट नावावरून अडकलं. आमच्या गावाचं सरकारी नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, गिऱ्हाइकाकडं पत्ता जुना, बेळगाव. वाटेतल्या कुठल्यातरी बँकेत कुणीतरी ते बघितलं आणि विचारणा आली की ही दोन गावं एकच कशावरून? कागद पाठवले, पत्र लिहिलं, दहा दिवस गेले. त्या पैशावर त्या महिन्याचे पगार होते. फर्नेसवरच्या पोरांना मी सांगत होते, येतील रे, आज येतील, आणि ती पोरं मान हलवून जात होती, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

कंपनी दहा दिवस काढते कशीतरी. पण मामेभावासारख्याचं काय? बाहेरदेशी राबणाऱ्यांकडून भारतात घरी येणारा पैसा २०२२ मध्ये वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला, असा जगात पहिलाच देश. तो असल्याच पोरांचा घाम आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, ३.६७२५ ला एक डॉलर, म्हणून रुपया पडला की दुबईवाला धावत एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहतो, कारण तेवढ्याच दिरहमात घरी चार रुपये जास्त जातात. आखातातून पाठवणं त्यामानानं स्वस्त आहे, सिंगापूरचं पेनाऊ तर फेब्रुवारी २०२३ पासून थेट आपल्या यूपीआयला जोडलंय. पण सगळ्या जगाचा हिशोब धरला तर दोनशे डॉलर घरी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांवर खर्च येतो, असं वर्ल्ड बँकेचेच आकडे सांगतात. शंभराला सहा! मघाचा आकडा आठवतो ना? सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा, पडवीत उभा राहून चिठ्ठी वाचून दाखवणारा, पोचपावती माघारी पाठवणारा शंभराला पाच घेत होता. आज तारेतून क्षणात जाणाऱ्या निरोपाला त्याहून जास्त. २०३० पर्यंत हे तीन टक्क्यांच्या खाली आणू असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय, पण जो सगळ्यात कमी पाठवतो त्याचेच सगळ्यात जास्त कापले जातात हे मला बघवत नाही, आणि हे असंच असतं असं कोणी म्हटलं की मला राग येतो. ब्राझीलनं केलं, आपण केलं, मग सीमेवरच का अडतंय?

घरच्या सीमेवर तर वेगळंच चित्र आहे. माझी आतेबहीण चंदगडला दिलेली, तिला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. आईला इकडं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार. दोघी फोनवर एकमेकींना विचारतात, तुझे आले काय? ह्या महिन्यात उशीर झाला बघ. आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा तिचे स्वतःचे पैसे येतात, कुणी हातावर ठेवलेले नाहीत, आणि ती ते काढतच नाही लवकर, नुसती बॅलन्स बघते.

आज्जीचं सांगून थांबते. २०२० चा लॉकडाऊन, एप्रिल संपत आलेला. आज्जा जाऊन बरीच वर्षं झालेली, आज्जीची फॅमिली पेन्शन खानापूरच्या बँकेत, एसटी बंद, वडाप बंद, मी बेळगावात अडकलेले. तेव्हा पोस्टमन घरी आला. जुना नव्हे, हा तरणा पोरगा, तोही कन्नडच, हातात मोबाइल आणि काडेपेटीएवढं अंगठ्याचं मशीन. पोस्टाची बँक २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ पासून तिच्यात कुठल्याही बँकेतले पैसे आधारवर घरबसल्या द्यायची सोय आहे, पण आमच्या गावानं ती तेव्हाच पहिल्यांदा बघितली. आईनं मला व्हिडिओ कॉल लावला होता.

आज्जीनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, परत लाल. पोरगा म्हणाला दुसरं बोट बघू, तेही नाही. रेषाच उरल्या नव्हत्या. आईनं कोमट पाण्यानं तिचा हात धुतला, फडक्यानं कोरडा केला, पोरग्यानं मशीनची काच शर्टाला पुसली आणि स्वतःच्या हातानं तिचा अंगठा धरून हळूच दाबला, मास्क असूनही तो श्वास धरून उभा होता हे मला फोनवर कळत होतं. आज्जी मशीनकडं बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"पोचलं काय रे?"

"बंत्री आज्जी," तो म्हणाला. "बंत."